छापील प्रतिमा आणि श्रद्धा : अमेरिकेतील ख्रिस्तचित्र व महाराष्ट्रातील संतचित्र

प्रास्ताविक :
धार्मिक प्रतिमांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा मूर्तिशास्त्राच्या अंगाने होतो. घरोघरच्या छापील तसबिरी मात्र ‘कॅलेंडर चित्रे’ म्हणून समीक्षेने दुय्यम ठरविल्या. या भूमिकेची फेरतपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
शिकागोचे चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९४० मध्ये रंगविलेल्या ख्रिस्तमुखाच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या खिशात मावणाऱ्या प्रती सैनिकांना वाटण्यात आल्या. ‘व्हिज्युअल पायटी’ (१९९८) या ग्रंथासाठी डेव्हिड मॉर्गन यांनी भाविकांची पत्रे मागविली. ख्रिस्त असाच असला पाहिजे, ही ओळख पटणे हेच त्या चित्राचे बळ, असे त्यांच्या विवेचनातून दिसते. प्रतिमांविषयी साशंक मानल्या जाणाऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेत हे घडावे, ही बाब लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याने देवदेवता घरोघरी पोहोचविल्या. मंदिराचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांनाही या चित्रांमुळे घरी दर्शन शक्य झाले. पुढे १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेची छाप छापील तुकाराम-चित्रांवर पडली. तुकोबांचे अस्सल चित्र उपलब्ध नसताना नटाचा चेहरा संताचा चेहरा झाला.

यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वॉल्टर बेंजामिन यांनी याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रतिपादन केले. वरील दोन्ही उदाहरणे या मताला छेद देतात, कारण येथे प्रतीलाच तेजोवलय लाभले. मूळ प्रतिमेचे महत्त्वही त्यामुळे घटत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथे, मंदिरातील पुरातन मूर्तींची चोरी झाली आणि हा विषय विधानसभेपर्यंत गेला. मूर्तींची छायाचित्रे होती. पण रिता गाभारा त्यांनी भरून निघणारा नव्हता. त्याच वर्षी मूर्ती पोलिसांच्या हाती लागल्या. प्रत आणि मूळ यांत भाविक स्पर्धा मानत नाही. प्रत त्याला रोजचा सहवास देते, तर मूळ प्रतिमा त्या सहवासाला स्थान देते.

तथापि, या लोकप्रियतेची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. एक चेहरा रूढ झाला की इतर शक्यता मिटतात. सॉलमन यांचा गौरवर्णी ख्रिस्त कृष्णवर्णीय ख्रिस्ती विचारवंतांना म्हणूनच खटकला. आपल्या संतचित्रांना हा प्रश्न आपण अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

निष्कर्ष :
धार्मिक प्रतिमेचे मोल केवळ सौंदर्याच्या निकषावर ठरविता येत नाही. तिच्यातून कोणाला आपला देव ओळखू आला आणि कोणते चेहरे दृष्टीआड झाले, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणारी समीक्षाच या चित्रांना न्याय देऊ शकेल.