सुंदर गांवांचें बिरूद आणि साष्टीचीं गांवठाणें

खेडेगांवास ‘सुंदर’ हें बिरूद देऊन त्याचें रक्षण करण्याची पद्धति फ्रान्सांत १९८२ सालीं संघटित रूपानें सुरू झाली. लोकसंख्या २,००० हून अधिक नसावी व किमान दोन स्थळें संरक्षित असावींत, अशा तेथील अटी आहेत. २०२१ पासून संयुक्त राष्ट्रांची पर्यटनसंस्थाही अशी निवड करिते. पहिल्याच वर्षीं तेलंगणांतील पोचमपल्ली तींत आलें.

हें माप साष्टीच्या गांवठाणांस लावूं गेल्यास पहिल्याच अटीपाशीं अडतें. अंधेरी १९५० त व बोरिवली, मुलुंड १९५७ त मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं. शासनाच्या दृष्टीनें गांव संपलें, गांवठाण मात्र उरलें. १९९५ च्या वारसा नियमावलीनें सुट्या वास्तूंबरोबर संबंध परिसरही संरक्षणास पात्र मानला, हा तिचा गुण होय. परंतु वास्तूची श्रेणी ठरविल्यानें स्थळाचा पुरावा सुरक्षित होतो असें नाहीं.

बोरिवलीजवळील एकसरचे वीरगळ पहा. ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत त्यांचें वर्णन आहे. त्यांवरील गलबतांच्या युद्धाचा संबंध कांहीं संशोधक शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या संग्रामाशीं जोडतात. हा संबंध अनुमानाचा आहे. आणि ज्या अनुमानाची तपासणी व्हावयाची, त्यांत दगडाची जागा व खाडीचें सान्निध्य हेंही प्रमाणच होय. वीरगळ उचलून संग्रहालयांत नेले तर शिल्प वांचेल. ते येथेंच कां उभारले, हा प्रश्न मात्र निराधार होईल.

ग्रंथाची गोष्टही तीच. राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत मालाड, मरोळ इत्यादि स्थलनामें येतात. बखरीच्या विधानांची पारख जमिनीवरच करावी लागते. सीव, तळें, विहीर, गांवदेवी व क्रूस हीं टेकण्याचीं स्थानें नव्या इमारतींखालीं गेलीं, म्हणजे पोथी शुद्ध असूनही तिचा अर्थ पांगळा होतो.

सारांश, फ्रान्सच्या अटींपैकीं दुसरी घ्यावी, सौंदर्याची ठेवूं नये. बिरुदापूर्वीं प्रत्येक गांवठाणाची नोंद व्हावी: नांव व त्याचीं जुनीं रूपें, सीमा, पाषाण, देवस्थानें आणि उपलब्ध कागद. ज्या संग्राहकांजवळ साष्टीचे महजर, इनामपत्रें वा दस्त असतील, त्यांनीं त्यांच्या नकला गांववार लावून प्रसिद्ध कराव्यात. घर पडलें तरी चित्रावरून पुन्हा उभारतां येईल. पुसलेली सीव कागदावांचून कोणासही दाखवितां येणार नाहीं.