दहाव्या कलमाचें मौन

वसईच्या किल्ल्याजवळ पाचूबंदर हा कोळीवाडा आहे. तेथें गेलें म्हणजे बहुतेकांस १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय आठवतो. प्रस्तुत लेखकास मात्र ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आठवतो. मराठी सरदारांचें भांडण मराठी मंडळास मिटवितां आलें नाहीं. हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांचा पराभव केला, दुसरे बाजीराव वसईस आले, आणि निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या आपल्या वादांचा निवाडाही त्यांनीं इंग्रजांच्या हातीं दिला. घरांत पंच नसला कीं परका पंच होतो, हा त्या तहाचा धडा होय.

तो मनांत ठेवून सार्कची सनद वाचावी. दक्षिण आशियांतील सात राष्ट्रांनीं ८ डिसेंबर १९८५ रोजीं ढाका येथें ती स्वीकारली. प्रस्तावनेंत शांतता, स्थैर्य व मैत्री यांची इच्छा आहे. पण दहावें कलम द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेंतून वगळतें. जें प्रस्तावनेनें इच्छिलें, त्याचीच वाट या कलमानें अडविली आहे.

कलमाची बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. तें नसतें तर भारत व पाकिस्तान एका मेजाशीं बसलेच असते, असें म्हणवत नाहीं. परंतु वगळल्यानें वाद मिटला काय? २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच भरली नाहीं. २०१६ ची इस्लामाबादची परिषद त्याच वादानें बुडाली.

दरम्यान पालघर जिल्ह्यांतले खलाशी सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगांत पडतात, तिकडचे मच्छीमार आपल्या तुरुंगांत. २००८ च्या करारान्वयें दोन्ही सरकारें दर १ जानेवारीस व १ जुलैस कैद्यांच्या याद्या देतात; सार्कच्या मेजावर मात्र या माणसांस जागा नाहीं.

आफ्रिकी संघाच्या २००० सालच्या घटनेंत वंशसंहार व युद्धगुन्हे यांच्या प्रसंगीं हस्तक्षेपाचा अधिकार लिहिलेला आहे. तरीही सुदानांत रक्त सांडलें. म्हणजे कलम पुरेसें नाहीं, हें खरें. पण तें असल्यामुळें संघास जाब तरी विचारतां येतो. सार्कच्या सनदेनें ती सोयही ठेविलेली नाहीं. निदान कैदी मच्छीमारांचा प्रश्न तरी वादग्रस्त न मानतां सर्वांनीं मिळून हातीं घ्यावा. परदेशच्या युद्धांत न्यायाची भाषा बोलण्याचा अधिकार दक्षिण आशियास त्यानंतरच शोभेल.