ठोकळ्यांच्या जगातील पाणी

कलाकृतीतील जग खरे वाटावे यासाठी ते बाहेरच्या जगाची हुबेहूब नक्कल असावे लागते काय, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. कादंबरी आणि नाटक यांच्या संदर्भात वास्तव आणि वास्तवाभास यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु आपल्या घरांतील मुले आज ज्या कल्पित जगांत तासन्‌तास रमतात, ती बहुधा पुस्तकांतील नसून संगणकाच्या व भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील असतात. त्या जगांना आपण केवळ वेळ दवडण्याचे साधन समजून दूर सारतो. समीक्षेच्या कसोटीवर घासून पाहत नाही. म्हणून तोच जुना प्रश्न आम्ही येथे एका खेळाला, आणि त्यातही त्या खेळातील पाण्याला, विचारणार आहोत.

तो खेळ म्हणजे माईनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी २००९ च्या मे महिन्यात त्याचे पहिले रूप लोकांपुढे ठेवले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची निर्माती कंपनी मोजांग अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. या खेळातील सारी सृष्टी एक मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या घनाकृती ठोकळ्यांची आहे. माती, दगड, लाकूड, वाळू हे सर्व ठोकळेच. ते फोडावेत, उचलावेत, हवे तेथे रचावेत आणि आपले जग उभारावे, एवढाच या खेळाचा आशय. त्याला कथानक म्हणावे असे फारसे नाही. खेळणारा जे रचतो तेच त्याचे कथानक.

या जगात पाणीही ठोकळ्यांनीच मोजले जाते. लोखंडाच्या बादलीत एक ठोकळा पाणी मावते. हिशेब केला तर ते हजार लिटर, म्हणजे एक टन वजनाचे होते. परंतु खेळणारा ते सहज उचलून चालू लागतो. बादली ओतली की तेथे पाण्याचा उगम तयार होतो. सपाट जमिनीवर ते पाणी सेकंदाला चार ठोकळे या गतीने पसरते, उत्तरोत्तर पातळ होत जाते आणि सातव्या ठोकळ्यावर थबकते. वाटेत जवळपास खड्डा असल्यास त्या दिशेला वळते, कड्यावरून कितीही खोल कोसळते आणि खाली पोहोचल्यावर पुन्हा नव्याने सात ठोकळे धावते. उगमाचा ठोकळा बादलीने उचलला की मागचा सारा ओघ आटून जातो.

येथवरचे नियम समजण्यास सोपे आहेत. खरा चमत्कार पुढे आहे. दोन ठोकळे लांब व दोन ठोकळे रुंद असा खड्डा खणून त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओताव्यात. उरलेले दोन कोपरे आपोआप उगमाने भरतात. मग त्या खड्ड्यातून किती बादल्या उपसल्या तरी तो रिता होत नाही. दोन बादल्यांच्या भांडवलावर खेळणाऱ्याला अक्षय विहीर मिळते. समुद्राच्या तळाला भोक पाडून खालच्या गुहेत पाणी सोडले, तरी गुहेत धबधबा कोसळत राहतो आणि समुद्राची पातळी तसूभरही उतरत नाही.

जलशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे पाणी परीक्षेत सपशेल नापास होईल. गॅलिलिओचे शिष्य असलेले बेनेडिक्टाइन मठवासी बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी १६२८ मध्ये वाहत्या पाण्याच्या मोजमापावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नदीच्या कोणत्याही छेदातून सारख्या वेळात सारखेच पाणी जाते, म्हणून पात्र अरुंद होईल तेथे प्रवाह वेगवान होतो, हा त्यातील मुख्य सिद्धांत. माईनक्राफ्टच्या पाण्याला तो ठाऊक नाही. चिंचोळ्या घळीतून आणि रुंद मैदानातून ते एकाच गतीने जाते. द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो हे पास्कलने दाखवून दिले. त्याचा तो निबंध १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. येथे दाब नावाची वस्तूच नसल्यामुळे वाकड्या नळाच्या एका बाजूने ओतलेले पाणी दुसऱ्या बाजूने वर चढत नाही. पाऊस पडतो, पण त्याने तळे भरत नाही आणि ओढ्याला पूर येत नाही.

तथापि एवढ्यावरून निकाल देणे उतावीळपणाचे होईल. या जगात झाडाचा बुंधा तोडला तरी वरचा भाग अधांतरी तरंगतो, डोंगराचा पाया खणून काढला तरी शिखर जागेवरून हलत नाही. वाळू आणि खडी मात्र खाली कोसळतात. म्हणजे येथे निसर्गाचे नियम नाहीत असे नाही. नियम आहेत, ते निवडक आहेत आणि काटेकोरपणे पाळले जातात. पाणी सात ठोकळे जाते म्हणजे सातच जाते. पाण्याचा एक ठोकळा मधोमध ठेवला की चहूबाजूंच्या चार चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली राहते, म्हणून नऊ बाय नऊच्या वाफ्यात ऐंशी ठोकळे शेत एका पाण्यावर पिकते. सात-आठ वर्षांचे मूल हा हिशेब बोटांवर करते आणि त्याच्या आधारे कालवे, कारंजी, धान्य वाहून नेणारे पाट रचते. कल्पित जगाकडून आपण हीच तर अपेक्षा करतो. परीकथेतील गालिचा उडाला तर आपली तक्रार नसते. पण आज उडणारा गालिचा उद्या काही कारण नसताना उडेनासा झाला तर आपण पुस्तक मिटून ठेवतो.

मग खेळणाऱ्यांकडून वर्षानुवर्षे खऱ्यासारख्या पाण्याची मागणी का होत आली आहे? ती समजून घेण्यासाठी पाण्याच्या खरेपणाचे तीन स्तर वेगळे केले पाहिजेत. पहिला रूपाचा: पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंब पडावे, तळ अंधुक दिसावा, लाटा हलाव्यात. शेडर नावाची जोड बसवली की हे सारे साध्य होते आणि पडद्यावर डोळे निवतील असे सरोवर दिसते. दुसरा गतीचा: पाण्याने उतार शोधावा, पातळी समान करावी, दाबाने वर चढावे. तिसरा स्तर हिशेबाचा: एका जागी आलेले पाणी दुसऱ्या जागचे कमी झालेले असावे. देखणे रूप पैशाने व यंत्राच्या ताकदीने मिळते, गतीचे थोडेफार अनुकरणही जमते. माईनक्राफ्ट नाकारते तो हिशेब.

या नकाराची किंमत कोणती, हे धरणाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. खेळणारा डोंगराच्या दोन कड्यांमध्ये दगडी भिंत उभारतो. दगड खणण्यात, वाहण्यात आणि रचण्यात त्याचे दिवस जातात. भिंत सुरेख होते. परंतु तिच्यामागे पाणी साठत नाही, कारण या जगात पाणी साठतच नाही. झऱ्याचे पाणी भिंतीपाशी येऊन पातळ होते आणि थांबते. जलाशय हवा असेल तर तो बादल्या ओतून थराथराने भरावा लागतो. आणि तो भरल्यावर भिंत काढून घेतली, तरी पाणी सात ठोकळे पुढे सरकून उभे राहते, गावाला पूर येत नाही. ज्या भिंतीमुळे काही अडत नाही आणि जी फुटल्याने काही वाहून जात नाही, ती धरणाचे चित्र आहे, धरण नव्हे. रचना हेच ज्या खेळाचे सर्वस्व, त्यात मानवाच्या एका आदिम रचनेला अर्थच उरू नये, ही उणीव आम्हांला गंभीर वाटते.

निर्मात्यांच्या बाजूने बोलण्यासारखे मात्र बरेच आहे. वाहत्या द्रवाची समीकरणे एकोणिसाव्या शतकात नाव्हिए व स्टोक्स यांनी मांडली. त्यांच्या उकली सदैव सुरळीत राहतात काय हे सिद्ध करणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक २००० मध्ये जाहीर झाले आहे. साध्या संगणकाला एवढ्या खोलात न शिरता प्रत्येक ठोकळ्याला शेजाऱ्यांकडे पाहून निर्णय घ्यायला लावणेच परवडते. त्यातही या खेळाचे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे पसरलेले आहे, आणि खेळणाऱ्याच्या आसपासचा प्रदेश तेवढा जागा असतो. पलीकडचे सारे निद्रिस्त असते. अर्धा समुद्र झोपलेला असताना उरलेल्या अर्ध्याचा हिशेब कसा ठेवावा? काही खेळणाऱ्यांनी मॉड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडण्या स्वतः रचून मोजके पाणी या खेळात आणले आहे. त्यात ओतलेली बादली जमिनीवर पातळ पापुद्र्यासारखी पसरते आणि समुद्राखाली खणलेला बोगदा समुद्रालाच गिळू लागतो. खरेपणा वाढतो, पण यंत्र धापा टाकू लागते आणि लहान मुलाच्या एका चुकीने आठवड्याची मेहनत बुडते.

ही जोखीम पत्करणारे खेळ अस्तित्वात आहेत. अमेरिकेतील टार्न व झॅक अ‍ॅडम्स या बंधूंचा ड्वॉर्फ फोर्ट्रेस २००६ मध्ये आला. माईनक्राफ्टच्या प्रेरणास्थानांत पर्सन यांनी त्याचा उल्लेख केलेला आहे. त्यात प्रत्येक चौकटीतील पाण्याची खोली शून्य ते सात अशी मोजली जाते, दाबाचाही विचार होतो आणि नदीकाठी बेसावधपणे खणणाऱ्याची अख्खी गढी बुडते. २०२१ मध्ये पोलंडमधील मेकॅनिस्ट्री या कंपनीने टिंबरबॉर्न हा खेळ आणला. तेथे माणूस नाहीसा झाला आहे आणि बीव्हर नावाचे प्राणी ठोकळ्यांच्या भूमीवर वस्ती करतात. ओल्या हंगामामागून अवर्षण येते, उगम आटतो, साठलेले पाणी वाफ होऊन उडते, पाण्यापासून दूरची जमीन करपते. या खेळात बांध ही शोभेची वस्तू नाही. तो एक हात उंच बांधला की वस्ती जगते, विलंब झाला की पिके जातात. जलशास्त्रज्ञाच्या नजरेने त्या पाण्यातही दोष काढता येतील. पण त्याचा हिशेब आहे, आणि हिशेब आहे म्हणून बांधणाऱ्याच्या श्रमाला अर्थ आहे. मे महिन्यात विहिरीचा तळ पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून माईनक्राफ्टवर आमचा आक्षेप ते बाहेरच्या जगाशी जुळत नाही असा नाही. ते स्वतःशीच जुळत नाही, असा आहे. त्यात दोन प्रमुख प्रकारचे खेळ आहेत. एकात खेळणाऱ्याला सर्व ठोकळे फुकट मिळतात. तो केवळ रचनेचा आनंद. दुसऱ्यात जगून दाखवायचे असते: भूक लागते, रात्री संकटे येतात, लोखंडी कुदळ अडीचशे ठोकळे फोडून मोडते, खाणीतून काढलेले खनिज पुन्हा उगवत नाही, तोडलेल्या झाडाच्या जागी रोप लावावे लागते. जेथे प्रत्येक वस्तूची अशी मोजदाद आहे, तेथे पाणी तेवढे अक्षय. भूक आहे आणि तहान नाही! शिवाय पाणी व तप्त लाव्हा यांच्या संगमावर दगड सतत तयार होत असल्याने पाण्याचा अक्षयपणा दगडालाही लागतो. पहिल्या प्रकारात हे पाणी शोभते. दुसऱ्यात ते त्या जगाच्याच कायद्याचा भंग करते.

निर्मात्यांना याची जाणीव नसेल असे नाही. २०१८ मधील मोठ्या बदलाने त्यांनी समुद्रात प्रवाळ, डॉल्फिन आणि निरनिराळ्या रंगछटांचे पाणी आणले. परंतु हे रूपाचे काम झाले. डिसेंबर २०२२ मध्ये संगणकावरील आवृत्तीत दोन उगमांपासून तिसरा उगम निर्माण होणे बंद करता येईल, अशी सोय त्यांनी ठेवली. ती बंद केली की अक्षय विहीर उपसून संपते. मात्र एक उगम अजूनही धबधब्याला अखंड पाणी पुरवतो आणि धरण अजूनही भरत नाही. हिशेबाच्या वहीचे पहिले पान उघडले आहे. बाकीची वही कोरी आहे.

आमचे मत असे: रचनेच्या आनंदासाठीचे मुक्त पाणी आहे तसेच राहू द्यावे, मुलांच्या हातून ते काढून घेण्याचे कारण नाही. जगून दाखवण्याच्या खेळात मात्र मोजक्या पाण्याचा पर्याय मूळ खेळातच असावा, भले त्यासाठी जग आटोपशीर करावे लागले तरी चालेल. पालकांनाही आमची एक सूचना आहे. घरात मूल हा खेळ खेळत असेल तर त्याच्याशेजारी बसून त्याला एक धरण बांधायला सांगावे, आणि भिंतीमागे पाणी का साठत नाही, हे त्यालाच विचारावे. त्याचे उत्तर ऐकावे. ते बहुधा आपल्याहून अधिक अचूक असेल, कारण त्या जगाचे नियम त्याला पाठ आहेत. आणि ते नियम बदलावेत असे त्याला वाटते काय, हा पुढचा प्रश्न विचारण्यास मग संकोच वाटणार नाही.