दख्खनच्या राणीचा पोशाख : एका प्रतिकृतीचें परीक्षण

सनदा, महजर, शकावल्या व ताम्रपट यांची चर्चा या पानांवर वाचण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस येथें आगगाडीच्या खेळण्याचा विषय पाहून नवल वाटेल. परंतु ज्या वस्तूचें आम्ही परीक्षण करणार आहों तिला खेळणें म्हणणें आमच्या मतें न्यायाचें होणार नाहीं. गतकाळांतील एखादी वस्तु अमुक दिवशीं अशी होती, असें जो कोणी शब्दांनीं, चित्रानें किंवा पत्र्यानें व रंगानें सांगतो, तो इतिहासच सांगतो, आणि इतिहास सांगणारास "हें कशावरून?" असें विचारण्याचा अधिकार वाचकास जसा आहे तसा प्रेक्षकासही आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं तीन वर्षें खपून 'दख्खनची राणी' या गाडीची १:८७ या प्रमाणाची प्रतिकृति सिद्ध केली आहे. पुढें विजेचें इंजीन, मागें सात डबे, डब्यांस रुपेरी रंग व त्यावर लालभडक पट्ट्या, असें तिचें रूप असून खालच्या फलकावर "दख्खनची राणी, १ जून १९३०" अशीं अक्षरें आहेत. कारागिरीविषयीं आम्ही प्रशंसेखेरीज दुसरा शब्द काढणार नाहीं. खिडक्यांच्या चौकटी अत्यंत बारीक असून त्यांत एकही वांकडी नाहीं. दारांच्या मुठीही त्यांनीं हातानें घडविल्या आहेत. आमचा प्रश्न हाताविषयीं नाहीं, आधाराविषयीं आहे. गाडीचा रंग, तिच्यावरील रेघा व अक्षरें या सर्वांस मिळून इंग्रजींत लिव्हरी म्हणतात; आम्ही तिला गाडीचा पोशाख म्हणूं. राणीचा हा पोशाख कोणत्या प्रमाणांवरून शिवला, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम सर्वमान्य हकीकत सांगतों. ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १ जून १९३० रोजीं सुरू केली. आरंभीं तिचे प्रत्येकीं सात डब्यांचे दोन रेक होते. एकाचा रंग रुपेरी व उठावाच्या पट्ट्या लालभडक. दुसऱ्याचा रंग 'रॉयल ब्ल्यू' व त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडांत तयार झाले व वरचें अंग माटुंग्याच्या कारखान्यांत बांधण्यांत आलें. ही हकीकत रेल्वेच्या स्मरणलेखांत येते आणि वर्तमानपत्रें व पुस्तकें ती बहुधा त्याच शब्दांत उतरून घेतात. आमच्या गृहस्थांनीं अशा चौदा उताऱ्यांचें टिपण आम्हांस दाखविलें व "चौदा साक्षी एकमुखानें बोलत आहेत" असें म्हटलें. एका मूळ पोथीवरून चौदा लेखकांनीं नकला केल्या तर साक्षी चौदा होत नाहींत, एकच राहते. हें पोथ्या चाळणारास सांगावें लागत नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्रांत रुजला आहे. तो आगगाडीसही लागू करावयास हरकत नाहीं.

आम्ही त्या हकीकतीस खोटी म्हणत नाहीं. ती रेल्वेचीच असल्यामुळें तिला वजन आहे. परंतु ती जेवढें सांगते तेवढेंच तिच्याकडून घ्यावें. छप्पर कोणत्या रंगाचें, डब्यांच्या टोंकांच्या भिंती कशा, पट्ट्यांची रुंदी किती, अक्षरें कोठें व केवढीं, याविषयीं ती मौन धरते. प्रतिकृतींत मात्र या सर्व प्रश्नांचीं उत्तरें रंगवून टाकलेलीं आहेत. छप्पर पांढरें कां, असें विचारतां "तसें शोभतें" असें उत्तर मिळालें. शोभणें हें प्रमाण नव्हे. वास्तविक त्याच हकीकतींत शोधाची दिशा दडलेली आहे : सांगाडे इंग्लंडांतले व अंग माटुंग्याचें, म्हणजे अस्सल नकाशेही दोन ठिकाणीं शोधले पाहिजेत. ज्यास चाकांचें व स्प्रिंगांचें माप हवें त्यानें एका दप्तराकडे जावें, ज्यास खिडक्यांचें हवें त्यानें दुसऱ्याकडे.

आतां इंजिनाकडे वळूं. त्यावर 'सर रॉजर लम्ले' ही पाटी आहे. ती कल्पित नाहीं. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयांत मेट्रोपॉलिटन-विकर्स कंपनीचें, मूळ ४००६ क्रमांकाचें इंजीन जतन केलेलें असून त्याचें नांव हेंच आहे, आणि आमच्या गृहस्थांनीं दिल्लीस जाऊन प्रत्यक्ष पाहून ही पाटी केली. श्रम स्तुत्य खरे. परंतु सर रॉजर लम्ले मुंबईचे गव्हर्नर झाले ते १९३७ च्या सप्टेंबरांत. १९३० च्या जूनमध्यें त्या जागीं सर फ्रेडरिक साइक्स होते. ज्या पुरुषाचा या इलाख्याशीं संबंध सात वर्षांनीं यावयाचा होता, त्याचें नांव राणीच्या पहिल्या दिवशीं तिच्या कपाळीं कोण लावील ? तात्पर्य हें कीं, अस्सल वस्तु हातीं आली म्हणून शोध संपत नाहीं. अस्सल ताम्रपटावरही मागाहून कोणी एखादी ओळ कोरलेली असते; मूळ पाठ कोणता व भर कोणती हें निवडणें संशोधकाकडेच राहतें.

अक्षरांचीही तीच गोष्ट. एका डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण आहे. आरंभीं या गाडीस पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ रोजीं पहिला वर्ग बंद होऊन दुसऱ्यासच पहिला म्हणूं लागले. तिसरा वर्ग जून १९५५ मध्यें प्रथम जोडला गेला, आणि एप्रिल १९७४ पासून त्यास दुसरा वर्ग हें नांव मिळालें. त्याचप्रमाणें मध्य रेल्वेची स्थापना ५ नोव्हेंबर १९५१ ची असल्यामुळें तिचीं आद्याक्षरें त्यापूर्वींच्या डब्यावर येऊं शकत नाहींत. येथें आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. १९७१ सालीं वडिलांबरोबर या गाडीनें आम्ही दुसऱ्या वर्गानें प्रवास केला, असें आम्ही कित्येक वर्षें सांगत आलों. वरील सनावळी हातीं आल्यावर कळलें कीं, तो डबा तिसऱ्या वर्गाचाच असला पाहिजे. स्मृतीनें मागाहूनचें नांव जुन्या डब्यावर रंगविलें होतें. प्रवाशांच्या आठवणींवरून रंग ठरविणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

मुख्य वाद रंगाचा आहे. प्रतिकृतीचा आधार म्हणून एक जुनें छायाचित्र दाखविण्यांत आलें. त्यांत डब्यांचें अंग फिकट व पट्ट्या काळसर दिसतात, म्हणून हा रुपेरी रेक होय, असा निर्णय करण्यांत आला. परंतु त्या काळीं छायाचित्रणाच्या दोन प्रकारच्या फिल्मा प्रचारांत होत्या. पँक्रोमॅटिक फिल्मेस सर्व रंग दिसतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मेस तांबडा दिसतच नाहीं, म्हणून तो चित्रांत काळा उमटतो. उलट निळा रंग डोळ्यास दिसतो त्याहून पुष्कळ फिकट उमटतो व पिवळा काळवंडतो. म्हणजे फिकट अंग व काळसर रेघा हें लक्षण रुपेरी-लाल रेकाचें असूं शकेल, तसें निळ्या-सोनेरी रेकाचेंही असूं शकेल. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु अनैकान्तिक आहे. दोन्ही पक्षांकडे जाणारा हेतु कोणताच पक्ष सिद्ध करीत नाहीं. यावर उपाय नाहीं असें नाहीं. त्याच चित्रांत ज्याचा रंग आपणांस निश्चित ठाऊक आहे अशी वस्तु शोधावी. सिग्नलचा तांबडा हात किंवा गार्डाचें निशाण काळेंकुट्ट दिसलें, तर फिल्म कोणती याचा बराच उलगडा होतो. ही परीक्षा झालेली नाहीं. हल्लीं जुनीं चित्रें संगणकाकडून रंगवून घेण्याची टूम निघाली आहे. त्या रंगांस प्रमाण मानणें म्हणजे टीकाकारानें कल्पनेनें भरलेला श्लोक मूळ ग्रंथकाराच्या नांवावर घालणें होय.

बरें, 'रॉयल ब्ल्यू' हा शब्द तरी निश्चयात्मक आहे काय ? अमरसिंहानें नील व श्याम हे दोन्ही शब्द कृष्णवर्णाच्या नांवांत घातले आहेत. म्हणून संस्कृत ग्रंथांतील 'नील' पाहून चित्रकारानें सरसकट निळा रंग घेतला तर तो पुष्कळ ठिकाणीं चुकेल. शब्द रंगाचा प्रदेश सांगतो, बिंदु सांगत नाहीं. जर्मनींत १९२७ सालींच चाळीस रंगांस क्रमांक देऊन नमुन्यांची यादी केली गेली, ती याच अडचणीमुळें. जेथें क्रमांक नाहीं तेथें रंगाचा खरा दस्तऐवज म्हणजे रंगाचाच थर. जुन्या डब्यावर अस्तर, लुकण, रंग व वार्निश यांचीं पुटें एकावर एक चढतात. पाटीखालीं, मुठीच्या बुडाशीं, ऊन व घासणी जेथें पोंचलीं नाहींत तेथें तीं टिकतात, आणि पापुद्र्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां क्रमानें वाचतां येतात. तेथेंही वार्निश फसवितें. इंग्लंडांतील लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या डब्यांच्या वरच्या भागास किंचित् निळी झांक असलेला पांढरा रंग देत. वार्निशाच्या पुटांमुळें तो पाहणारास पिवळसर दिसे. तेव्हां कारखान्यानें लावलेला रंग व फलाटावर दिसलेला रंग, यांपैकीं आपण कोणता दाखवितों, हें प्रतिकृतिकारानें आधीं ठरविलें पाहिजे.

रुळांविषयीं एकच सूचना. आपल्या ब्रॉडगेजचें अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर आहे. १:८७ या प्रमाणानें तें सुमारें १९.३ मिलिमीटर व्हावें. प्रतिकृति १६.५ मिलिमीटरच्या तयार रुळांवर उभी आहे. तें अंतर युरोपांतील ४ फूट साडेआठ इंचांच्या मार्गाचें होय. राणी त्यामुळें साडेनऊ इंचांनीं अरुंद पायांवर उभी राहिली. तयार रूळ व चाकें तेवढींच मिळतात, ही अडचण आम्ही समजतों. अडचणीस दोष नाहीं. ती न सांगण्यास आहे.

हें सर्व ऐकून आमचे गृहस्थ खिन्न झाले व म्हणाले, "तर मग प्रतिकृति करूंच नये कीं काय ?" प्रश्न रास्त आहे. मूळ डबे १९६६ सालीं पेरांबूरच्या कारखान्यांतील डब्यांनीं बदलले गेले. ते पाहिलेले लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि सर्व प्रमाणें मिळेपर्यंत थांबावयाचें तर एकही प्रतिकृति होणार नाहीं. आमचें उत्तर पुण्यांतच तयार आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें आदिपर्व डॉ. सुखठणकरांनीं १९३३ सालीं पुरें केलें. त्या आवृत्तींत जेथें पाठ पूर्ण निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिलेली असते. संपादकानें पाठ देण्याचें टाळलें नाहीं आणि आपली शंकाही लपविली नाहीं. प्रतिकृतिकारानें तेंच करावें. गाडीशेजारीं एक पत्रक ठेवून त्यांत तीन रकाने पाडावे : साधार, अनुमित व कल्पित. सात डबे व दोन वर्ग पहिल्या रकान्यांत जातील, पट्ट्यांची रुंदी दुसऱ्यांत, पांढरें छप्पर निमूटपणें तिसऱ्यांत.

हा केवळ पंडिती हट्ट नव्हे. याच प्रतिकृतीचें छायाचित्र एका शाळेच्या प्रदर्शनांत "१९३० सालची दख्खनची राणी" या मथळ्याखालीं टांगलेलें आम्हीं पाहिलें. प्रतिकृति हा शब्दही तेथें गळला होता. मुलें लम्लेसाहेबांचें नांव वहींत उतरून घेत होतीं. पंचवीस वर्षांनीं त्यांपैकीं कोणी दुसरी प्रतिकृति करील आणि आजची चूक पंधरावा साक्षी म्हणून पुढें येईल.

या टीकेचा राग न धरतां आमच्या गृहस्थांनीं इंजिनावरील पाटी काढून घेतली आहे व तिसऱ्या वर्गाची खूण पुसली आहे. पत्रकाचें काम चालू आहे. त्यांत कल्पिताचा रकाना सर्वांत मोठा होईल, असें त्यांनींच हंसत सांगितलें. वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, २०२२ च्या जूनमध्यें या गाडीस नवे एलएचबी डबे लागले व त्यापूर्वींचे डबे निघाले. त्यांचीं मापें, अक्षरांचीं चित्रें व रंगाचे पापुद्रे ज्यांच्या हातीं असतील त्यांनीं तारीख व ठिकाण लिहून ते आतांच जतन करावे. भंगारांत गेलेल्या डब्यास मागाहून कोणी साक्षीस बोलावूं शकत नाहीं.