सुटा भाग म्हणजे नुसता आकार नव्हे

बदलापूरच्या एका शाळेच्या कपाटातील विमान-प्रतिकृतीचा जुना संच अलीकडे पाहण्यात आला. सांगाडा शाबूत, पण इंजिन बंद. पंख्याचा स्क्रू हरवलेला, पिस्टन झिजलेला आणि ग्लो प्लगची तार जळालेली. सोबतच्या माहितीपत्रकात इंजिन उलगडण्याचा क्रम उत्तम दाखवला आहे. प्रत्येक भागाचे सुबक चित्र व क्रमांकही आहे. मात्र मोजमाप, आटे, धातू यांचा उल्लेख नाही. क्रमांक कळवून भाग मागवावा, एवढाच सल्ला!

कंपनी जोवर ते इंजिन बनवते, तोवर हा सल्ला ठीक. पण कंपन्या बदलतात. छोट्या इंजिनांसाठी जगभर माहीत असलेली अमेरिकेतील कॉक्स कंपनीसुद्धा 1996 मध्ये एस्टेस कंपनीकडे गेली. उत्पादन थांबले की क्रमांक निरर्थक ठरतो. मग अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात लेथ चालवणारे कुशल कारागीर असूनही काम अडते, कारण त्यांना काय सांगायचे हेच आपल्याला ठाऊक नसते.

आधी स्क्रू पाहू. अमेरिकी बनावटीच्या अशा इंजिनात तो 0.125 इंच व्यासाचा व इंचाला 40 आट्यांचा असू शकतो. म्हणजे व्यास 3.175 मिलिमीटर आणि दोन आट्यांतील अंतर 0.635 मिलिमीटर. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली. दुकानातल्या 3 मिलिमीटर स्क्रूच्या आट्यांतील अंतर 0.5 मिलिमीटर असते. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. प्रत्यक्षात दुसरा थोडा फिरून अडतो आणि जोर लावल्यास आटे मारले जातात.

पिस्टनची गोष्ट निराळी. एवढ्या लहान इंजिनात पिस्टनला बहुधा रिंगा नसतात. पिस्टन व सिलिंडर यांतील फट अवघी काही मायक्रॉन असते. आपला केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. दोन्ही भाग एकमेकांसाठी घासून जुळवलेले असतात. म्हणून एकटा पिस्टन बदलून भागत नाही, जोडीच बदलावी लागते.

ग्लो प्लगमध्ये तर आकार आणि माप दोन्ही जुळूनही फसगत होते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी 1947 च्या सुमारास प्रचारात आणलेल्या या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तार असते. बॅटरी ती फक्त सुरुवातीला तापवते. पुढे तारेच्या पृष्ठभागावर मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण होते आणि त्या उष्णतेने तार लाल राहते. प्लॅटिनम येथे उत्प्रेरकाचे काम करते. शेगडीतील नायक्रोमची तार लावली तर बॅटरीवर तीही लाल होईल, पण बॅटरी काढताच इंजिन बंद पडेल.

माप, जोडी आणि द्रव्य या तीन गोष्टी वगळणारे माहितीपत्रक ग्राहकाला पुरेसे असेल, विद्यार्थ्याला नाही. शाळेसाठी दिलेल्या संचात ही उणीव मोठीच म्हणायला हवी. ती शिक्षकांना भरून काढता येईल. संच चालू स्थितीत असतानाच विद्यार्थ्यांकडून व्हर्निअर व मायक्रोमीटरने प्रत्येक भाग मोजून घ्यावा आणि वहीत तीन रकाने भरावेत. इंजिन मात्र मोकळ्या मैदानात आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच सुरू करावे, कारण मिथेनॉल विषारी असते व त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंजिन पुढे कधी बंद पडले, तरी त्या वहीच्या आधारे शेजारचा टर्नर काय करू शकेल आणि काय करू शकणार नाही, हे विद्यार्थीच सांगू शकतील.