एका शब्दातला खानदेश

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका साहित्यिक कार्यक्रमात निवेदकांनी माझी ओळख ‘रावेरचे, म्हणजे बहिणाबाईंच्या अहिराणी मुलखातले’ अशी करून दिली आणि चार वाक्ये अहिराणीत बोलण्याचा आग्रह केला. मला अहिराणी येत नाही. मी घरी बोलतो ती लेवा गणबोली बोललो. टाळ्या पडल्या. ही अहिराणी नव्हे, हे मी सांगितले नाही. या लेखाचे मूळ त्या न सांगण्यात आहे.

बहिणाबाई १८८० साली असोद्याला जन्मल्या. मृत्यूनंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून त्यांची भाषा सर्रास अहिराणी ठरवली जाते. वास्तविक दोन्हींतला फरक बाजारात उभ्या माणसालाही ऐकू येतो. अमळनेर-धुळ्याकडचा माणूस ‘मना भाऊ शे’ म्हणतो. आमच्याकडे ‘माहा भाऊ हाये’. अहिराणीत षष्ठीला ना-नी-नं लागते, आमच्या बोलीत मराठीसारखे चा-ची-चं. बहिणाबाईंचे कोणतेही पान उघडून एवढे एकच तपासावे. अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, पुढे मालेगाव-बागलाणची. लेवा गणबोली जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगरची आणि तापीच्या पलीकडे-अलीकडे बुऱ्हाणपूर-मलकापूरपर्यंतची. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने तर १९०७ च्या खंडात खानदेशी मराठीपासून वेगळी काढून भिल्ली भाषांच्या शेजारी बसवली. त्या वर्गीकरणावर वाद आहेत. पण जिल्ह्याचे नाव भाषेला दिले, की जिल्ह्यातले सगळेच ती बोलतात असे वाटू लागते, हे त्यातून झालेच.

चूक एका लेबलाची असती तर मी दुरुस्तीचे पत्र लिहून थांबलो असतो. तिच्याबरोबर एक वाचनपद्धती येते. १९७५ साली चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर व्याख्यान दिले. त्यांचा एक मुख्य आक्षेप भाषेचा होता: या कादंबरीत आफ्रिकेतली माणसे ओरडतात, हुंकारतात, पण त्यांना बोलणे जवळजवळ दिलेलेच नाही. शेकडो भाषांचे खंड एका अंधाऱ्या पडद्याएवढे उरते आणि त्यापुढे युरोपीय माणसाचे मन उलगडते. खानदेश हे खंड नव्हे, आणि आमच्यावर गुलामगिरीही लादली गेली नाही. तुलना तेवढ्यापुरतीच धरावी. पण पडदा ओळखीचा आहे. ऊन, केळी, भरीत, अडाणी गोडवा. त्यापुढे ‘निरक्षर सरस्वती’ उभी केली, की ती काय करते आहे हे पाहावे लागत नाही. मातीच गाते आहे, असे म्हटले की झाले.

कौतुकातला हा अपमान मला निंदेहून जास्त खटकतो. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण ओवीची घडण त्यांना पक्की ठाऊक होती. जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या घासून आलेले ते तंत्र आहे. ‘घरोट’ हा शब्द त्या जात्यासाठी वापरतात तेव्हा तो रंगत आणायला घातलेला ग्रामीण शब्द नसतो, घरातला रोजचा शब्द असतो. कोशात ‘ग्राम्य’ असा शिक्का मारून तो बाजूला ठेवणाऱ्यांनी त्यांच्या निवडीचा विचारच केलेला नाही. त्यांची बोली नेमकी कोणती हे कळल्याशिवाय, कुठला शब्द बोलीचा आणि कुठला त्यांनी स्वतः घडवलेला, हे तरी कसे ठरवणार? बहिणाबाईंवरची बरीचशी समीक्षा या प्रश्नापर्यंत पोचलेली नाही.

आता आमच्याकडे. रावेरच्या उत्तरेला सातपुडा आहे, पालच्या रस्त्याने तासाभरात गाठता येतो. बाजाराच्या दिवशी तिथून उतरणाऱ्या माणसांना आम्ही सरसकट ‘आदिवासी’ म्हणतो, घरात बोलताना त्याहून हलके काही. त्यांतले तडवी इस्लाम मानणारे भिल्ल आहेत आणि त्यांचे बोलणे आमच्या बोलीच्या जवळचे. पावरा-बारेला यांची बोली निमाडकडच्या भिलालीला जवळ. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये भिल्लांच्या पोटभेदांची लांब यादी आहे. ज्या सरकारने १८२५ मध्ये भिल्ल कोअर उभारून या माणसांना एकाच नावाखाली ‘सुधारायला’ घेतले, त्याच सरकारच्या कागदावर ही यादी आहे. आम्हाला यादी पाठ नाही. नाव तेवढे पाठ आहे. पुण्याने आम्हाला ‘अहिराणी’ म्हटले की बोचते, आणि आम्ही तोच हिशेब डोंगरापर्यंत नेतो.

वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ १९८७ चा. मंचावर बसून दुसऱ्यांनीच आमची दुःखे आम्हाला सांगावीत, या अनुभवावरची त्यांची कविता ‘स्टेज’ मराठीत पुष्कळ वाचली गेली. त्या पुण्याच्या मंचावरून उतरल्यावर ती मला आठवली होती. तेव्हा मी स्वतःला खाली बसलेल्यांत धरले होते.