ओतीव पोलादाची खरखर

पुण्यातल्या एका स्नेह्याने केलेला 'सेंचुरियन' रणगाडा सध्या माझ्या टेबलावर आहे. प्रमाण 1:35, लांबी तोफेसकट जेमतेम फूटभर. हा 'पूना हॉर्स' या चिलखती रेजिमेंटचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा. पुण्यातच जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 रोजी भारत-पाकिस्तान युद्धातल्या बसंतर नदीच्या लढाईत याच रणगाड्यातून लढले. मूळ रणगाडा अहिल्यानगरला चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जतन केलेला आहे. त्या पन्नास टनी धुडाचा भारदस्तपणा या मूठभर प्लास्टिकमध्ये कुठून आला, ते जागा हेरत पाहण्यासारखे आहे.

आधी बुरूज पाहा. सेंचुरियनच्या बुरुजाच्या भिंती ओतीव पोलादाच्या, छत मात्र सपाट पत्र्याचे, वेल्डिंगने जोडलेले. किटमधले प्लास्टिक सगळीकडे सारखेच गुळगुळीत असते. इथे भिंतींवर पातळ केलेली लांबी ब्रशच्या टोकाने ठोकून बसवली आहे आणि ती सुकल्यावर वरून हलका पॉलिश पेपर फिरवला आहे. बोट फिरवले की बिडाच्या तव्याच्या पाठीसारखी बारीक खरखर लागते. छताच्या कडेशी ती अचानक थांबते आणि तिथे वेल्डिंगची किंचित वेडीवाकडी शिवण सुरू होते. खालच्या सांगाड्यावर खरखर नाही, कारण तिथले पत्रे लाटलेले आहेत. एक पोलाद साच्यातून आले, दुसरे लाटून निघाले, हे नुसत्या स्पर्शाने कळावे ही काय नजाकत!

चाकांवरून लोंबणाऱ्या बाजूच्या पत्र्यांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. खरे पत्रे साधारण 6 मिलिमीटर जाडीचे, म्हणजे या प्रमाणात 0.17 मिलिमीटर. साच्यातून इतके पातळ प्लास्टिक निघत नाही. किटमधला भाग मिलिमीटरभर जाड असला, तरी त्याचा अर्थ 35 मिलिमीटर जाडीचे पोलाद असा होतो. स्नेह्याने सगळा पत्रा घासत बसण्याऐवजी फक्त उघडी दिसणारी खालची कड आतल्या बाजूने कानशीने तिरकी घासली आहे. समोरून पाहिले की धारेसारखी पातळ रेघ दिसते. एके ठिकाणी ती कड जराशी आत वळलीही आहे, झुडपाला घासून वळावी तशी. डोळ्याला नेमकी कोणती कड दिसते हे ओळखून केलेली ही काटकसर मला फार आवडते.

रंगाविषयी मात्र सावकाश बोलायला हवे. एका फुटावरून ही प्रतिकृती पाहणे म्हणजे खरा रणगाडा दहा-अकरा मीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून रंग थोडा फिकट भासतो, असे प्रतिकृती करणारे मानतात. डबीतला हिरवा जसाच्या तसा मारला असता, तर हा रणगाडा काळपट खेळणे दिसला असता. इथे हिरव्यात किंचित पिवळसर मातकट रंग मिसळला आहे. एअरब्रशने प्रत्येक पत्र्याचा मध्य अर्धी छटा उजळ केला आहे, आणि सांध्यांत पातळ तपकिरी तैलरंगाचा वॉश सोडला आहे. तो इतका बेताचा, की सावली दिसते, काळी रेघ दिसत नाही.

धूळ आणि चिखल यांत तर त्याने त्या दिवसाचा भूगोल वाचला आहे. नदी ओलांडून आलेल्या रणगाड्याचा चिखल खाली ओला आणि गडद. वर चढत जावे तसा सुकत, फिकट होत जातो. चाकांवरच्या रबराला निव्वळ काळा न देता करडा दिला आहे. हौशी लोक ज्या गंजाने रणगाडा माखून टाकतात, तो इथे एकाच जागी आहे: मागच्या दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरवर, जिथे उष्णतेने रंग खरोखरच जळतो. जो रणगाडा रोज चालतो आणि रोज निगराणीत असतो, त्याच्या कडा गंजत नाहीत, घासून चकाकतात. म्हणून चालकाच्या झडपेभोवती आणि बुटांनी चढायच्या जागी पेन्सिलीच्या शिशाची अस्पष्ट चमक आहे. (अँटेनाची तार मात्र मला या सगळ्यात थोडी जाड वाटते.)

सगळ्यात जीव ओतला आहे तो तोफेत. रणगाडा पेटल्यावर तो सोडून येण्याचा हुकूम झाला, तेव्हा तोफ अजून चालते आहे म्हणून खेत्रपाल यांनी नकार दिला. हे मनात असल्याशिवाय अशी तोफ होत नाही. नळीचे दोन अर्धे जोडल्यावर राहणारी शिवण पूर्ण नाहीशी झाली आहे, तरी घासताना नळीची गोलाई कुठेही चपटी झालेली नाही. तोंडाशी काजळी आहे, ती बाहेरच्या बाजूला हळूहळू विरत जाते. नळीच्या बुडाशी असलेले कॅनव्हासचे आच्छादन इपॉक्सी पुट्टीने घडवले आहे. नळी जराशी खाली झुकलेली आहे, म्हणून वरचे कापड ताणलेले आणि खालच्या बाजूला घड्या गोळा झालेल्या. त्या घड्यांच्या खाचांत धूळ साचली आहे, ताणलेल्या भागावर ती नाही.